पाऊस वजा कसा झाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्राला कारण दोन आहेत. एक माझ्या थोरल्या मुलाचे आणि एक माझे. त्याचे आधी लिहिते, नाहीतर तो हे पत्र टपालात पडू देणार नाही.

आपल्या सातारा आवृत्तीत पावसाळाभर कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाची चौकट असते. चोवीस तासांतला पाऊस आणि जूनपासूनचा एकूण पाऊस. आमच्याकडे ती चौकट रोज कात्रीने कापली जाते आणि दोनशे पानी वहीत खळीने चिकटवली जाते. (त्यामुळे मागच्या पानावरची बातमी आमच्या सासूबाईंना कधीच पूर्ण वाचायला मिळत नाही. त्यांची तक्रार वेगळी.) गेल्या आठवड्यात तिन्हींपैकी एका गावाचा एकूण पाऊस आदल्या दिवशी १,७२८ मिलिमीटर होता. दुसऱ्या दिवशी चोवीस तासांत ८९ पडला आणि एकूण छापून आला १,१८७. थोरला नऊ वर्षांचा आहे. तो वही घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, पाऊस वजा कसा झाला?"

मी लग्नाआधी आणि नंतर मिळून आठ वर्षे एका पतसंस्थेत कॅशला होते. संध्याकाळी कीर्द जुळली नाही की आमचे जुने हिशेबनीस म्हणायचे, फरकाला आधी नवाने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. १,७२८ मध्ये ८९ मिळवले की १,८१७ होतात. त्यातून छापलेले १,१८७ वजा केले, फरक आला ६३०. नवाने भागले, बरोबर ७०. आठ आणि एक यांनी जागा बदलल्या होत्या. पुढे "पण नऊच का?" यावर आमची सगळी दुपार गेली. शेवटी दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी मांडून बसलो. ८१ म्हणजे आठ नोटा आणि एक नाणे, १८ म्हणजे एक नोट आणि आठ नाणी. सात नोटांची सात नाणी झाली, प्रत्येकीमागे नऊ रुपये गेले. आठ वर्षे मी ती युक्ती वापरली होती, पण ती का चालते हे मलाही त्या दुपारीच कळले. भात मात्र करपला.

तर चूक दुरुस्त करावी, ही थोरल्याची विनंती. आता माझे.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत गृहशिक्षणावर लेख आला होता. मुलांना शाळेत न घालणाऱ्या पालकांविषयी. सोबतच्या फोटोत पांढरे टेबल, लाकडी खेळणी आणि हसणारी आई. लेखाचा अर्धा भाग कौतुकाचा होता. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत पोहोचलेल्या मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण त्यात होते, ते खरेच आहे आणि तिचे कौतुकही आहे. उरलेला अर्धा भाग काळजीचा होता आणि त्यात "घरात कोंडलेली मुले" असे शब्द होते. मी वाईत राहते, दोन मुलगे आहेत, एक नऊचा, एक सहाचा, आणि दोघेही शाळेत जात नाहीत. ते एमआयटीत जातील असे त्यांच्याकडे बघून तरी वाटत नाही. सध्या आमच्या घरातला मोठा प्रश्न, वडिलांचा बारा-तेराचा पाना कोणी हरवला, हा आहे. पण कोंडलेली? ते वाचून मला हसू आले आणि मग राग आला.

आमच्यासारख्यांबद्दल बोलताना लोक "घरी शिकवता म्हणे" असे म्हणतात. खरे सांगायचे तर आम्ही घरात असतो सकाळी नऊपर्यंत. पोहे, अंघोळी, मग सासूबाई झोपाळ्यावर बसून पाढे म्हणून घेतात. त्यांच्या वेळचे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी त्यांना अजून तोंडपाठ आहेत. आम्ही शाळा सोडली तेव्हा महिनाभर माझ्याशी न बोललेल्या बाई त्या याच. आता दिडकी चुकली तर मलाही सोडत नाहीत. बालभारतीची पुस्तके आहेत, ती आम्ही क्रमाने नाही पण वापरतो. मध्यंतरी त्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडलेली येत. धाकट्याने ती सगळी जेसीबीच्या चित्रांनी भरली आहेत. इतका उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

मग आम्ही बाहेर पडतो. मोटारी रिवाइंडिंगचे आमचे दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी जळल्या की येतात. थोरला भागाकार तिथे शिकला, पुस्तकात नाही. स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाला, २४ स्लॉट (तार बसवायच्या खाचा), फेज तीन, म्हणजे एका फेजला आठ. पोल चार, म्हणजे एका पोलला सहा. एकदा त्याने कॉइलचे वेढे मोजताना मध्येच कोणाशी तरी गप्पा मारल्या, तीन वेढे कमी पडले आणि ती सगळी कॉइल यांनी त्याच्या देखत उलगडली. रडला. पुन्हा गुंडाळली. धाकट्याचे काम स्लॉटमध्ये घालायचा कागद कापून द्यायचे, वार्निशच्या डब्यापासून लांब राहायचे, आणि दुसरे काम तो करत नाही.

माझा स्वतःचा छंद विचाराल तर पाऊस. पूर्वी वाकळी शिवायचे, अजूनही शिवते, सासूबाईंच्या तीन लुगड्यांची एक सध्या अर्धी झाली आहे. पण पाऊस मोजायचे वेड लागल्यापासून सुई बाजूलाच पडते. सुरुवात अशी झाली की दोन वर्षांपूर्वी मुलांनी गच्चीवर बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले आणि बाजूला पट्टी चिकटवली. पहिल्याच आठवड्यात आमच्या वाईने पाचगणीला मागे टाकले. मुले खूष. मीही दोन दिवस शेजारणींना सांगत सुटले की हवामान बदलले आहे बाई. मग यांनी दुकानातून आल्यावर बाटलीकडे एकदा पाहिले आणि विचारले, नरसाळ्याचे तोंड केवढे आहे? दहा सेंटिमीटर. आणि बाटली? पाच. म्हणजे रुंदी दुप्पट, तोंडाचे क्षेत्रफळ चौपट, आणि आम्ही चौपट पाऊस मोजत होतो. चाळीस मिलिमीटर म्हणून जो मिरवला तो दहाच होता. शेजारणींना जाऊन परत सांगावे लागले.

आता सरळ भिंतीचा डबा आहे, रोज सकाळी साडेआठला मोजतो, कारण हवामान खातेही साडेआठलाच मोजते. परवा १४ मिलिमीटर होता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची गच्ची साठ चौरस मीटर. म्हणजे त्या रात्री आमच्या डोक्यावर ८४० लिटर पाणी पडले आणि आम्ही घोरत होतो, असे थोरल्याने वहीत लिहिले आहे. "घोरत" हा शब्द वडिलांसाठी आहे.

त्याच दिवशीचा महाबळेश्वरचा आकडा आपल्या चौकटीत आमच्या कितीतरी पट होता. इथून घाटाने बत्तीसेक किलोमीटर. कोकणातून आलेले ढग सह्याद्री चढताना तिथेच रिकामे होतात, आमच्याकडे उतरतात ते उरलेसुरले. वाईत वर्षभरात पडतो तेवढा पाऊस तिथे कधी कधी जुलैच्या एका आठवड्यात पडतो. आणि तेच पाणी कृष्णेतून, धोम धरणातून आमच्या घाटापर्यंत येते. गणपती घाटाच्या पायऱ्या किती बुडल्या हे मोजायला आम्ही जातो. वहीत तो तिसरा रकाना आहे. आपल्याकडे कमी पडूनही पायऱ्या का बुडतात, हे सहा वर्षांच्या धाकट्याला आता कोणी समजवावे लागत नाही. तो येणाऱ्याजाणाऱ्यालाच समजावतो.

आणि इथेच माझे खरे गाऱ्हाणे सुरू होते. घाटावर, बाजारात, एसटी स्टँडवर, दिवसा अकरा ते पाच आम्ही कुठेही दिसलो की पहिला प्रश्न एकच. "काय रं, आज शाळा न्हाय का?" किंवा "बुडवली का रं शाळा?" भाजीवाली विचारते, कंडक्टर विचारतो, बँकेतला शिपाई विचारतो. प्रश्न मायेने विचारतात, मला मान्य आहे. पण दिवसातून सात वेळा. पूर्वी थोरला माझ्या पदरामागे जायचा. धाकट्याचे उत्तर तयार असते, ते कुठून आले ते सांगते.

गेल्या जुलैत शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आमच्या दारात आल्या. भर पावसात, छत्री उलटी झालेली, फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत. आत घेतले, चहा दिला. मुले शाळेत का जात नाहीत याचे कारण लिहायचे होते आणि त्यांच्याकडच्या छापील कारणांत आमचे कारण काही बसेना. त्या बिचाऱ्या पेन धरून बसल्या. कायदा मला माहीत आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम १० आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे असे ते सांगते. न घालणाऱ्या पालकाला शिक्षा त्यात नाही, आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. आम्ही अशा बोळात उभे आहोत, हे मी लपवत नाही. पुढे १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसवायचे असे आमचे ठरले आहे, आणि उद्या थोरला शाळेत जातो म्हणाला तर परवा जाईल.

बाईंनी शेवटी काय लिहिले ते मी पाहिले नाही. पण फॉर्मवरचा ठळक शब्द धाकट्याने पाहिला, वाचून घेतला, आणि तेव्हापासून कोणी विचारले की छाती काढून सांगतो, "मी शाळाबाह्य आहे."

लोक हसतात. मला मात्र त्या शब्दाची थोडी लाज वाटते, आणि तिचे कारण वेगळे आहे. थंडीत आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून आलेल्या त्या माणसांची पोरे फडातच असतात, धाकटे भावंड काखेत घेतलेली. तो फॉर्म त्यांच्यासाठी आहे. त्यांच्यातल्या एखाद्या पोरीच्या आणि माझ्या मुलांच्या नावापुढे सरकार एकच शब्द लिहिते, पण तिला निवड नव्हती आणि आम्हाला होती. ही निवडही फुकट मिळालेली नाही, माझा पगार गेला. पुरवणीतल्या लेखात वडील "खंबीर पाठिंबा देणारे" होते. आमचेही देतात. नोकरी मात्र आईची सुटते, हे त्या लेखात एका वाक्यात तरी यायला हवे होते.

आम्ही हे का केले, असे विचाराल. मोठे तत्त्व वगैरे काही नव्हते. थोरला मोठ्या शिशुवर्गात होता, इंग्रजी माध्यम, पिवळी व्हॅन सव्वासातला यायची. तो व्हॅनमध्ये रोज ओकायचा आणि घरी येऊन बोलायचा नाही. एक वर्ष थांबू म्हटले. त्या वर्षाची चार वर्षे झाली. वाचायला तो साडेसात वर्षांचा होईपर्यंत लागला नाही. त्या काळात मी रात्री उशीत तोंड घालून रडले आहे आणि सकाळी उठून "आम्ही त्याच्या गतीने जातो" असे पाहुण्यांना सांगितले आहे. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचे आहे. जवळची जिल्हा परिषदेची शाळा चांगली नाही असेही माझे म्हणणे नाही. फॉर्मवाल्या त्या बाईंनीच आमची पावसाची वही पाहिली आणि थोरल्याला म्हणाल्या, शनिवारी ये आणि माझ्या चौथीला दाखव. गेला. डबा, पट्टी, वही घेऊन गेला आणि नरसाळ्याची फजिती त्याने स्वतःच सांगितली म्हणे. परत येताना दोन मित्र आणि एक नवी शिवी घेऊन आला. मित्र अजून येतात.

तर मुद्दा असा, की आमच्या मुलांना कोणी घरात कोंडलेले नाही. गावालाच दिवसा मुलांची सवय उरलेली नाही. अकरा ते पाच मुले कुठेतरी बंद असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवले आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर जी मोठी घंटा आहे, ती आम्ही एका मंगळवारी दुपारी पाहायला गेलो. वसईची घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि १७०७ हा आकडा आहे. थोरल्याने बोटे न मोजता सांगितले, बत्तीस वर्षे चर्चमध्ये वाजली, मग आपल्याकडे आली. धाकट्याने विचारले, घंटा वाजवून देवाला बोलावले की त्याला कळते का घंटा कुठली ते? मी यावर काहीतरी बोलणार तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "शाळेला सुट्टी का?" आणि तो प्रश्न गेला तो गेलाच.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट वाचनालयातली. मराठी विश्वकोश ज्या गावात तयार झाला त्या गावात आम्ही राहतो, याचा आम्हाला अभिमान आहे. पहिला खंड १९७६ला आला, आता वीसही खंड मोबाईलवर वाचता येतात. पण मुलाला पुस्तक हातात हवे असते, उलटे धरून बघायला. एका सार्वजनिक वाचनालयात (नाव लिहीत नाही, तिथली माणसे वाईट नाहीत) आम्ही सकाळी साडेअकराला गेलो. बाहेर पाऊस. आत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली, मान खाली, एकेक खुर्ची भरलेली. कोपऱ्यात काचेचे कपाट, वर "बालविभाग" अशी पाटी, कपाटाला कुलूप. काचेतून धाकट्याला व्हेलचे एक पुस्तक दिसले. तिथल्या ताई हळू आवाजात म्हणाल्या, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते चार वाजता येतात, शाळा सुटल्यावर या. धाकटा नाक काचेला लावून उभा राहिला. निघताना काचेवर त्याच्या नाकाचा गोल वाफेचा ठसा होता. एका अभ्यास करणाऱ्या मुलाने आमच्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवले. त्याचेही बरोबर. त्याची परीक्षा आहे.

१९६७च्या ग्रंथालय कायद्यापासून गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळत आले आहे, अ, ब, क, ड असे त्यांचे वर्गही आहेत. माझी मागणी फार नाही. बालविभागाचे कपाट वाचनालय उघडते तेव्हा उघडावे, किल्ली दारावरच्या माणसाकडे असावी, आणि वऱ्हांड्यात का होईना, जिथे मोठ्याने वाचले तरी चालेल अशी एक सतरंजी असावी. हे माझ्या दोघांसाठी मागत नाही. दुपारी बाजारात आईच्या टोपलीशेजारी बसलेली पोरे आहेत, सकाळच्या सत्रातून साडेबाराला सुटलेली आहेत, कांजिण्या उतरत आलेली, कंटाळलेली आहेत. त्यांच्यातल्या निम्म्यांना तरी व्हेल बघायला आवडेल.

आपल्या पुरवणीला पुन्हा कधी या विषयावर लिहायचे असेल तर पांढऱ्या टेबलाचा फोटो नको. दुकानात या, सगळे काळे आहे. पाना सापडला तर चहा मिळेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
वाई, जि. सातारा
(नाव छापू नये, सासूबाईंना आवडणार नाही)

ता. क. : थोरल्याचे म्हणणे असे की, दुरुस्ती छापलीत तर ती पावसाच्या चौकटीच्या लगेच खाली छापा. वेगळ्या पानावर छापली तर त्याच्या वहीत त्या तारखेला जागा नाही, खाली फक्त दोन बोटे कोरे सोडले आहे.